दिशा आणि बिंदू : लंब रेषेचे समीकरण शिकवताना

दिलेल्या रेषेला लंब असणारी आणि दिलेल्या बिंदूतून जाणारी रेषा शोधणे हा निर्देशक भूमितीतला पायाचा प्रश्न आहे. कोणतीही रेषा ठरायला दोनच गोष्टी लागतात : तिची दिशा आणि तिच्यावरचा एक बिंदू. लंब रेषेच्या प्रश्नात दिशा दुसऱ्या रेषेकडून मिळते. बिंदू कधी प्रश्नातच दिलेला असतो, तर कधी तो आधी काढावा लागतो. त्रिकोणाचा शिरोलंब, बाजूचा लंबदुभाजक, बिंदूचे रेषेपासूनचे अंतर, बिंदूचे प्रतिबिंब, वर्तुळाची स्पर्शिका ही सगळी प्रकरणे याच दोन गोष्टींच्या जुळणीतून उभी राहतात. हैदराबादेत इंटरमीजिएटच्या वर्गाला गणित शिकवताना वारंवार येणारा अनुभव असा, की ज्या विद्यार्थ्याला ही जुळणी दिसते त्याला या प्रकरणातली निम्मी सूत्रे पाठ करावी लागत नाहीत. ज्याला ती दिसत नाही, त्याला सगळी सूत्रे पाठ असूनही ऐन वेळी कोणते लावायचे ते उमगत नाही.

तेलंगणात दहावीनंतरच्या दोन वर्षांना इंटरमीजिएट म्हणतात. पहिल्या वर्षाच्या गणिताचे दोन पेपर अनेक वर्षे चालत आले. 'वन-ए'मध्ये बीजगणित, सदिश आणि त्रिकोणमिती. 'वन-बी'मध्ये निर्देशक भूमिती आणि कलन. प्रत्येक पेपर ७५ गुणांचा, आणि प्रश्न दोन, चार व सात गुणांचे. लंब रेषा या तिन्ही विभागांत डोकावते. दोन गुणांसाठी नुसते समीकरण विचारतात. सात गुणांसाठी त्रिकोणाचा शिरोलंबसंपात बिंदू किंवा परिकेंद्र काढायला सांगतात, नाहीतर लंबपादाच्या सूत्राची सिद्धता मागतात. याच विद्यार्थ्यांना पुढे राज्याची अभियांत्रिकी प्रवेश परीक्षा द्यायची असते. तिथे १८० मिनिटांत १६० प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यांतले ८० गणिताचे असतात. नल्लकुंटा भागातल्या चुक्का रामय्यांच्या वर्गांमुळे आयआयटी प्रवेशाची तयारीही या शहराच्या अंगवळणी पडली. त्यामुळे इथल्या शिक्षकाला एकच प्रकरण दोन अंगांनी शिकवावे लागते : बोर्डासाठी पायरी न गाळता, आणि प्रवेश परीक्षेसाठी मिनिटभरात. या दोन्ही गरजा एकाच समजुतीतून भागतात, हे या कामातले मोठे समाधान आहे.

चढाचा नियम

रेषेवरून जाताना उजवीकडे एक एकक सरकले की जितके वर जावे लागते, तो तिचा चढ. एका रेषेचा चढ म आणि दुसरीचा न असेल, आणि दोन्ही रेषा परस्परांना लंब असतील, तर म × न = −१. बहुतेक विद्यार्थ्यांना हा नियम 'उलटा करा आणि चिन्ह बदला' एवढ्या रूपात माहीत असतो. तो का खरा आहे, हे दाखवायला एक ट्रेसिंग पेपर पुरतो. आलेखाच्या कागदावर (३, १) हा बिंदू आरंभबिंदूला जोडावा, ती रेघ ट्रेसिंग पेपरवर उतरवावी आणि आरंभबिंदूवर टाचणी धरून वरचा कागद घड्याळाच्या उलट दिशेने काटकोनात फिरवावा. बिंदू (−१, ३) वर जाऊन बसतो. आधीचा चढ १/३ होता, आता तो −३ झाला; दोघांचा गुणाकार −१. आकडे कोणतेही घेतले तरी पाव फेरीत (प, फ) हा बिंदू (−फ, प) या जागी जातो. निर्देशकांची अदलाबदल होते आणि एकाचे चिन्ह बदलते. 'उलटा करा' आणि 'चिन्ह बदला' ही दोन्ही वाक्ये या एकाच हालचालीतून आली आहेत. स्वतःच्या हाताने कागद फिरवलेला विद्यार्थी त्यांपैकी एकही वाक्य सहसा विसरत नाही.

न फिरवलेला मात्र विसरतो. उत्तरपत्रिका तपासताना ठरावीक चुका पुन्हा पुन्हा समोर येतात. चढ २/३ असेल तर कोणी लंबाचा चढ ३/२ लिहितो, कोणी −२/३. तिसरी चूक आणखी आधी होते : ३क्ष + ४य = १२ या रेषेचा चढ ३/४ धरला जातो, प्रत्यक्षात तो −३/४ आहे. या चुकांवर एक साधी पडताळणी आहे. परस्परांना लंब असलेल्या दोन तिरप्या रेषांपैकी एक चढती असते आणि दुसरी उतरती. तसेच एक जितकी उभट, तितकी दुसरी सपाट. म्हणून दोन्ही चढांची चिन्हे विरुद्ध आहेत का, आणि एकाचा आकडा १ पेक्षा मोठा असेल तर दुसऱ्याचा १ पेक्षा लहान आहे का, एवढे पाहिले तरी पहिल्या दोन चुका तिथेच पकडल्या जातात. तिसरीसाठी कच्ची आकृती लागते. ३क्ष + ४य = १२ ही रेषा (४, ०) आणि (०, ३) यांतून जाते; हे दोन बिंदू मांडले की रेषा उतरती असल्याचे डोळ्यांनाच दिसते.

आकृतीबद्दल एक सावधगिरी इथेच सांगावी लागते. आलेखावर दोन्ही अक्षांचे प्रमाण वेगळे घेतले, तर लंब रेषा लंब दिसत नाहीत. य = २क्ष आणि य = −क्ष/२ या रेषा परस्परांना लंब आहेत. पण क्ष-अक्षावर १ सेंमी = १ एकक आणि य-अक्षावर १ सेंमी = २ एकके असे प्रमाण घेतले, तर कागदावर त्यांचे चढ १ आणि −१/४ असे उमटतात आणि कोनमापक काटकोन दाखवत नाही. गोंधळलेला विद्यार्थी अशा वेळी बरोबर आलेले समीकरण खोडून टाकतो. म्हणून या प्रकरणात दोन्ही अक्षांचे प्रमाण सारखेच ठेवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावलेली बरी.

नियम जिथे अडतो

गुणाकाराच्या नियमाला एक अपवाद आहे आणि हैदराबाद शहर त्या अपवादावरच आखलेले आहे. १५९१ साली मुहम्मद कुली कुतुबशहाने मुसी नदीच्या दक्षिणेला नवे शहर वसवले आणि त्याच्या मधोमध चारमिनार बांधला. शहराच्या आराखड्याचे श्रेय कुतुबशाहीचा पेशवा मीर मोमिन अस्तराबादी याला दिले जाते. इमारतीचा पाया चौरस आहे, तिच्या चार कमानी चार दिशांना उघडतात आणि प्रत्येक कमानीसमोरून एक रस्ता निघतो. उत्तरेचा रस्ता चार कमान आणि पत्थरगट्टीवरून नदीकडे जातो, दक्षिणेचा शाह अली बंड्याकडे, पश्चिमेचा बांगड्यांच्या लाड बाजारातून, तर पूर्वेचा सरदार महालाकडे. चारमिनार हा आरंभबिंदू, पूर्व-पश्चिम रस्ता क्ष-अक्ष आणि दक्षिणोत्तर रस्ता य-अक्ष असे मानले, तर शहराच्या नकाशावर निर्देशक भूमितीचे पहिले पान आपोआप उघडते.

आता या दोन रस्त्यांना चढाचा नियम लावून पाहावा. पूर्व-पश्चिम रस्त्याचे समीकरण य = ०, त्याचा चढ शून्य. दक्षिणोत्तर रस्त्याचे समीकरण क्ष = ०. त्यावर उजवीकडे सरकणेच नाही, म्हणून त्याला चढच नाही. शून्याला कोणत्याही संख्येने गुणले तरी −१ येणार नाही. शहरातला सर्वांत स्पष्ट काटकोन या नियमाला मांडताच येत नाही. त्रिकोणाची एखादी बाजू उभी निघाली, की विद्यार्थी नेमके याच जागी थांबतात : चढ काढायला जातात, छेदात शून्य येते आणि आपलेच काहीतरी चुकले असे समजून आकडे पुन्हा तपासत बसतात. चुकलेले काहीच नसते. क्ष = २ या उभ्या रेषेला (८, १) मधून जाणारा लंब आडवा असणार, म्हणजे त्यावरच्या प्रत्येक बिंदूचा य-निर्देशक १; समीकरण य = १. इथे सूत्र बाजूला ठेवून दिशेकडे पाहायचे असते.

सहगुणकांची अदलाबदल

अपवाद नसलेला नियमही आहे, आणि तो अधिक सोपा आहे. रेषेचे समीकरण अ·क्ष + ब·य + क = ० या सामान्य रूपात लिहिले, की (अ, ब) ही जोडी स्वतःच त्या रेषेच्या लंबाची दिशा दाखवते. कारण रेषेवर एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत जाताना क्ष मध्ये प आणि य मध्ये फ एवढा बदल झाला, तर समीकरण दोन्ही टोकांना खरे राहायला हवे, म्हणून अ×प + ब×फ = ०. आणि (अ, ब), (प, फ) या दिशा काटकोनात असण्याची अटही हीच आहे. पायथागोरसचे प्रमेय लावले तर ती लगेच मिळते : अ² + ब² + प² + फ² ही बेरीज (अ − प)² + (ब − फ)² इतकी व्हायची असेल, तर २(अ×प + ब×फ) हे पद शून्य असलेच पाहिजे. चारमिनारच्या रस्त्यांसाठी या जोड्या (१, ०) आणि (०, १) आहेत; १×० + ०×१ = ०. अट पाळली जाते आणि छेदात शून्य येण्याचा प्रश्नच उरत नाही.

यावरून लंब रेषेचे समीकरण एका ओळीत लिहिता येते : क्ष आणि य यांच्या सहगुणकांची अदलाबदल करायची, एकाचे चिन्ह बदलायचे आणि स्थिरपद मोकळे ठेवायचे. ३क्ष + ४य − १२ = ० या रेषेला लंब असलेली प्रत्येक रेषा ४क्ष − ३य + ट = ० अशी असते. ट बदलत गेला की समांतर लंबांचे अख्खे कुटुंब मिळते. दिलेला बिंदू या कुटुंबातली नेमकी एक रेषा निवडतो. (७, ४) हा बिंदू दिला असेल, तर २८ − १२ + ट = ०, म्हणजे ट = −१६, आणि उत्तर ४क्ष − ३य = १६. चढाच्या वाटेने गेले तरी तेच येते : चढ ४/३, य − ४ = (४/३)(क्ष − ७), मग छेद काढून मांडणी. पहिल्या वाटेवर अपूर्णांक येत नाही, म्हणून चुकायला जागा कमी राहते. तिथे एकच चूक वारंवार दिसते : जुन्या रेषेचे −१२ हे स्थिरपद नव्या रेषेला तसेच चिकटवले जाते. दिशा पहिल्या रेषेकडून आली, पण जागा बिंदूकडून यायची आहे, हे पटले की ती चूक थांबते.

लंबपाद, अंतर आणि प्रतिबिंब

लंब मूळ रेषेला जिथे मिळतो तो लंबपाद. वरच्या उदाहरणात ३क्ष + ४य = १२ आणि ४क्ष − ३य = १६ ही दोन समीकरणे एकत्र सोडवली की (४, ०) मिळतो. पण (अ, ब) ही लंबाची दिशा आहे हे ठाऊक असेल, तर समीकरणे सोडवण्याचीही गरज नाही. (७, ४) पासून (३, ४) या दिशेत मागे यायचे आहे, प्रश्न फक्त किती पट यायचे एवढाच. बिंदूचे निर्देशक रेषेच्या समीकरणात ठेवले की २१ + १६ − १२ = २५ येते. सहगुणकांच्या वर्गांची बेरीज ९ + १६ = २५. भागाकार १. म्हणून (७ − ३, ४ − ४) = (४, ०). तेवढेच अंतर आणखी पुढे गेले की (१, −४), आणि हे (७, ४) चे त्या रेषेतले प्रतिबिंब. लंबाची लांबी २५ भागिले २५ चे वर्गमूळ, म्हणजे ५.

पाठ्यपुस्तकात लंबपाद, प्रतिबिंब आणि लंबांतर यांची तीन सूत्रे वेगवेगळ्या जागी येतात आणि दिसायलाही वेगळी असतात. परीक्षेत प्रतिबिंब विचारले असता लंबपाद लिहून येणे ही नेहमीची गोष्ट आहे, कारण त्या सूत्रांत फरक केवळ एका २ चा आहे. दिशा आणि पट या भाषेत शिकवले तर सूत्र एकच उरते : एका पटीला लंबपाद, दुपटीला प्रतिबिंब, आणि पटीला दिशेच्या लांबीने गुणले की अंतर. बोर्डाची सात गुणांची सिद्धता हीच आहे. प्रवेश परीक्षेतला प्रश्न याच हिशोबाने तोंडी सुटतो.

त्रिकोणातले लंब

बिंदू आधी शोधावा लागण्याची प्रकरणे त्रिकोणात येतात. प(२, −१), र(२, ७) आणि स(८, १) हा त्रिकोण घ्यावा. पर ही बाजू उभी आहे, क्ष = २; म्हणून स मधून जाणारा शिरोलंब य = १. रस या बाजूचा चढ −१ आहे; म्हणून प मधून जाणाऱ्या शिरोलंबाचा चढ १, आणि समीकरण क्ष − य = ३. दोघांचा छेदनबिंदू (४, १), हाच शिरोलंबसंपात बिंदू. तिसऱ्या शिरोलंबाची उत्तरासाठी गरज नसते, पण पडताळणीसाठी तो मोलाचा असतो : पस चा चढ १/३, म्हणून र मधला शिरोलंब ३क्ष + य = १३, आणि (४, १) त्यावर बसतो.

परिकेंद्रासाठी दिशा त्याच राहतात, बिंदू बदलतात. शिरोबिंदूऐवजी बाजूचा मध्यबिंदू घ्यायचा. पर चा लंबदुभाजक य = ३; रस चा मध्यबिंदू (५, ४), म्हणून तिचा लंबदुभाजक क्ष − य = १. छेदनबिंदू (४, ३), आणि तिन्ही शिरोबिंदूंपासून त्याच्या अंतराचा वर्ग २० येतो. शिरोलंब आणि मध्यगा यांची गल्लत करणाऱ्या विद्यार्थ्याला या दोन उत्तरांची मांडणी शेजारी शेजारी दाखवावी. शिरोलंबाला शिरोबिंदू आणि लंब दिशा लागते, मध्यगेला शिरोबिंदू आणि मध्यबिंदू, लंबदुभाजकाला मध्यबिंदू आणि लंब दिशा. तीन ओळींच्या या तक्त्यात सगळा गोंधळ मिटतो. ज्याला आणखी पुढे जायचे असेल त्याने मध्यगासंपात (४, ७/३) काढावा. तिन्ही बिंदू क्ष = ४ या एकाच रेषेवर येतात आणि मध्यगासंपात उरलेल्या दोहोंमधले अंतर २ : १ मध्ये विभागतो. ही रेषा १८व्या शतकातल्या लिओनार्ड ऑयलरच्या नावाने ओळखली जाते. उत्तर तपासण्याचे इतके खात्रीचे साधन हाताशी असणे विद्यार्थ्याला मोठा आत्मविश्वास देते.

जमिनीवरचा काटकोन

याचा उपयोग काय, हा प्रश्न वर्गात येतोच आणि हैदराबादेत त्याचे उत्तर जवळ सापडते. भारतीय सर्वेक्षण विभागाची प्रशिक्षण संस्था उप्पलला आहे. साखळीने जमीन मोजण्याच्या जुन्या पद्धतीत शेतातून एक मुख्य रेषा आखत. बांधाचा प्रत्येक कोपरा त्या रेषेवर काटकोनात उतरवून दोन मापे लिहून घेत : लंबपाद रेषेच्या सुरुवातीपासून किती दूर आणि कोपरा लंबपादापासून किती दूर. महाराष्ट्रात या मोजणीला शंकू-साखळी म्हणत. वहीतली ही दोन मापे म्हणजे मुख्य रेषा हाच अक्ष मानून लिहिलेले कोपऱ्याचे निर्देशक होत. आजची इलेक्ट्रॉनिक यंत्रे निर्देशक थेट देतात, पण हद्द किती हलली हे सांगायला त्यांनाही लंबांतरच काढावे लागते.

त्याहून मोठ्या प्रमाणावरचे काम विल्यम लॅम्ब्टन याने केले. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्याने त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. रेखावृत्तावरच्या एका अंशाची लांबी त्याने मोजलीच, शिवाय त्याला लंब दिशेतल्या अंशाचीही मोजली. पुढे काम निजामाच्या मुलखात आले. १८१५ मध्ये बिदरजवळ पायारेषा मोजली गेली, १८१८ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट हैदराबादेत त्याला येऊन मिळाला, आणि १८२३ मध्ये नागपूरकडे जाताना हिंगणघाट इथे लॅम्ब्टनचे निधन झाले. पृथ्वीचा आकार ठरवणारे ते काम दोन परस्परलंब दिशांतल्या मोजमापांवर उभे होते.

शहराच्या कडेला गजांवर विकल्या जाणाऱ्या प्लॉटवर गवंडी दोरीने काटकोन लावतो, तेव्हा एका बाजूवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करून तिरपे अंतर ५ फूट भरते का ते पाहतो. ३क्ष + ४य = १२ च्या उदाहरणात भाजक म्हणून आलेला २५ याच ५ चा वर्ग आहे. ज्या विद्यार्थ्यांच्या घरात बांधकामाची कामे चालतात, ते हा दुवा सर्वांत आधी ओळखतात.

पुढची प्रकरणे

लंबाची अट यानंतर नव्या नव्या रूपांत भेटत राहते. आरंभबिंदूतून जाणाऱ्या दोन रेषा एकाच द्विघाती समीकरणात लिहिल्या असतील, तर क्ष² आणि य² यांच्या सहगुणकांची बेरीज शून्य असली की त्या परस्परांना लंब असतात. २क्ष² + ३क्षय − २य² = ० याचे अवयव (२क्ष − य) आणि (क्ष + २य); २×१ + (−१)×२ = ०. वर्तुळाची स्पर्शिका स्पर्शबिंदूतून जाते आणि त्रिज्येला लंब असते, म्हणून तिथेही दिशा आणि बिंदू दोन्ही हाती असतात. वक्राच्या अभिलंबासाठी दिशा कलनातून येते. रने देकार्तने १६३७ च्या आपल्या भूमितीवरील ग्रंथात वक्राला लंब रेषा काढण्याची रीत दिली आणि आपल्याला ठाऊक असलेल्या प्रश्नांमध्ये तोच सर्वांत उपयोगी असल्याचे मत नोंदवले. अवकाशातल्या भूमितीत प्रतलाच्या समीकरणातले तीन सहगुणक त्याच्या लंबाची दिशा देतात. पाठ नवा वाटतो, विचार मात्र जुनाच असतो.

या अनुभवातून शिकवण्याचा एक क्रम पक्का होतो. आधी कागद फिरवून पाव फेरी दाखवावी. मग चढाचा नियम आणि तो कुठे अडतो ते एकाच तासात सांगावे. लगेच सामान्य रूपातली सहगुणकांची अट द्यावी आणि पुढची सगळी गणिते त्यावरच करून घ्यावीत. लंबपाद, प्रतिबिंब आणि अंतर एकत्र शिकवावीत. त्रिकोणाच्या प्रत्येक गणितात दिशा कुठून आली आणि बिंदू कुठून आला, हे विद्यार्थ्याने उत्तराच्या आधी एका ओळीत लिहावे. या ओळीला परीक्षेत वेगळे गुण नाहीत. पण ती लिहिण्याची सवय लागलेल्या विद्यार्थ्यांना न पाहिलेल्या प्रश्नाची सुरुवात कुठून करायची ते कळते, आणि गणिताच्या शिक्षकाने द्यायची गोष्ट तीच आहे.